न ऐकता म्हटलेले ‘छान’

माझ्या ऑनलाइन वर्गातल्या एका वृद्ध विद्यार्थ्याचा उच्चार न ऐकताच मी कित्येक महिने त्यांना ‘छान’ म्हणत आलो. हे मी कोणाला, अगदी पत्नीलाही, कधी सांगितले नव्हते.

घणसोलीतल्या फ्लॅटमधून मी इंग्रजी भाषकांना फ्रेंच उच्चार शिकवतो. इंटरनेटवर सगळे एकदम बोलले की आवाज मागेपुढे होऊन नुसता गलका होतो. म्हणून सर्वांनी माइक बंद ठेवून माझ्यामागून म्हणायचे आणि मग मी एकेकाचा माइक उघडून ऐकायचे, अशी आमची रीत. इंग्लंडमधल्या या आजोबांना फार वेळ लागे, बाकीचे चुळबुळत. मग मी त्यांचा माइक न उघडताच, हलणारे ओठ पाहून ‘छान’ म्हणत मान डोलवू लागलो.

त्यांची नात फ्रान्समध्ये वाढते. तिला इंग्रजी येत नाही. व्हिडिओ कॉलवर चंद्र दाखवताना ते ‘ल्यून’ म्हणत आणि ती त्यांच्या उच्चाराला हसे. तो एक शब्द नीट यावा, एवढ्यासाठीच ते वर्गात आले होते. त्यातला स्वर इंग्रजीत नाही, आपल्याकडेही नाही. जीभ ‘ई’च्या जागी ठेवायची आणि ती न हलवता ओठ ‘ऊ’सारखे गोल करायचे.

एका संध्याकाळी शेजारच्या घणसोली गावात कुणाच्या तरी लग्नाची हळद होती. डीजेने खिडकीच्या काचा थरथरत होत्या.

“अहो, आज तुम्हीच गप्प बसा. विद्यार्थ्यांना बोलू द्या,” दार ओढून घेत पत्नी म्हणाली.

मी माझा माइक बंद केला, सर्वांचे उघडले आणि लिहून कळवले, की आज मी केवळ ओठ दाखवीन. तुम्ही ओळीने बोला. ओळीतून कोणाला गाळण्याची सोय आता उरली नव्हती.

आजोबांनी दाढीचा छोटा आरसा उचलला, ‘ई’ धरली आणि ओठ सावकाश गोल केले. तो स्वर आला, निखळ, कुठेही न डगमगता. जन्मभर ज्या वाटेने गेली नव्हती ती वाट एका म्हाताऱ्या जिभेला सापडली होती, आणि इथे हळदीच्या दणदणाटातही हेडफोनमधून ती मला ऐकू येत होती. हा स्वर आज आला, की केव्हाच आला होता, हे मला कधीच कळणार नव्हते.

“मागे तुम्ही छान म्हणालात, म्हणून मी तिला म्हणून दाखवलं,” ते म्हणाले. “ती हसली. आज खरंच बरोबर आहे का?”

मान डोलवली असती, तर या वेळी ती खोटी ठरली नसती. तरी मी माइक चालू केला. डीजे सर्वांच्या घरांत शिरला.

“आज अगदी बरोबर आहे,” मी म्हणालो. “पण याआधी मी तुमचं ऐकतच नव्हतो. न ऐकताच छान म्हणत होतो. मला माफ करा.”