आरशाच्या कपाटातला दिवा

पिकतं तिथं विकत नाही, हे मी लायसन्सवाला वायरमन असूनही आमच्याच घरात शिकलो. तिकोणा पेठेत दादाने पर्यटकांसाठी चार खोल्या बांधल्या, तेव्हा सगळं वायरिंग माझंच. बाथरूममध्ये दिव्याचं आरशाचं कपाट लावायचं ठरलं, तसे मी नियम सांगू लागलो: पत्र्याला अर्थिंग हवं, बटण बाहेर हवं, पाणी उडेल तिथे तारेला जोड नको.

"तुजं लय नखरं," दादा म्हणाला. "लोणावळ्याचा माणूस एका दुपारात लावून देतोय."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. कपाट त्या लोणावळेवाल्यानेच लावलं. मी त्या घरी जाणं सोडलं.

महिन्याभराने दादाचा फोन आला. "तू बसवलेला खटका सारका पडतोय. पाव्हणं आंगोळीला गेलं की समदी लाइट जाती. येऊन बघ की."

तो खटका, म्हणजे ईएलसीबी, उगाच पडत नाही. वीज कुठेतरी गळत असली, की माणूस वाचावा म्हणून पडतो. दादाला हे माहीत नव्हतं. मला होतं. तरी मी म्हणालो, "कपाट लावलं त्यालाच विचार," आणि फोन ठेवला. तेव्हा फार बरं वाटलं, तेही सांगून टाकतो.

मग त्या लोणावळ्याच्या माणसाने खटकाच काढून लाइट डायरेक्ट केली.

सोमवारी पाहुणे गेल्यावर वहिनी बाथरूम धुऊन ओल्या हाताने कपाट पुसत होती. किंकाळी ऐकून दादाने मेन स्विच पाडला, म्हणून ती वाचली. उजव्या हाताची तीन बोटं मात्र कायमची आखडली. दुसऱ्या दिवशी मी कपाट उतरवलं. गीझरच्या पॉइंटवरून आणलेल्या दोनच तारा, अर्थिंगचा पत्ता नाही, जोडावर सुटलेली चिकटपट्टी. दहा मिनिटांत सापडलं.

वहिनीला आता भाकरी थापता येत नाही. कुणी विषय काढला की ती म्हणते, "आमच्या भावजींचं काम कदी बिगडलं न्हाई. ह्यांनी त्यांना इचारलं असतं, तर ही येळ आली नसती."

दादा खाली मान घालून ऐकून घेतो. माझं नाव अजून त्याने तिला सांगितलेलं नाही. दादाने मला विचारलं होतं, एवढंच वाक्य तिला सांगायचं आहे, आणि ते माझ्याच्याने बोलवत नाही.