झालं म्हणायचं नाय

"झालं म्हणायचं नाय." कॉम्प्युटरच्या पडद्यावरची नजर न हलवता, डाव्या हाताचा पंजा आडवा धरून ते हे बोलायचे. लोधिवलीचे दादा. चौकपासून खालापूरपर्यंत कुणाचाही कॉम्प्युटर बसला की यांनाच फोन जायचा. तुमच्याही गावात असा एखादा असेलच, पण इतका घाबरट मेकॅनिक तुम्ही पाहिला नसेल, पैज लावतो.

त्यांच्या चष्म्याच्या डबीत चष्मा कधीच नसायचा, पेनड्राईव्ह असायचा. बंद पडलेलं मशीन त्यावरून चालू करायचे. माझ्या फोटो स्टुडिओत आले की पहिला प्रश्न ठरलेला. "तुजा असा पेनड्राईव्ह बनवलास का रं? मशीन चालू हाय तवर बनव. बंद पडल्यावर कशावर बनवशील, पाट्यावर?"

"बनवतो हो दादा, लग्नसराई उरकू दे."

लग्नसराई उरकायच्या आतच मशीन बसलं. काळा पडदा, वर एक पांढरी इंग्रजी ओळ, बस्स. आणि नेमका दारात कुंभिवलीचा माणूस. त्याच्या मुलीच्या लग्नाचे फोटो मी काढले होते. लग्नानंतर आठवड्यातच त्याचे वडील गेले, उद्या दहावं, तिथे ठेवायला फोटो हवा होता. म्हाताऱ्याने जन्मात कुणाला फोटो काढू दिला नव्हता, नातीच्या हळदीत तेवढा दिला. "आधारवरचा हाय, पन त्यात आबा चोरावानी दिसतात," तो म्हणाला. हळदीचे सगळे फोटो त्याच मशीनमध्ये होते. मी दादांना फोन लावला.

दादा धावत आले. डबी उघडली, तर रिकामी! पेनड्राईव्ह आदल्या दिवशी माथेरानच्या एका हॉटेलात मशीनला तसाच राहिलेला. वर माथेरानात गाडी जात नाही. कुणीतरी तो पायी दस्तुरीच्या गाडीतळापर्यंत आणणार, मग टॅक्सीने नेरळ, मग इकडे. "संध्याकाळ व्हईल रं," म्हणत दादा घाम पुसायला लागले. शेवटी शेजारच्या झेरॉक्सवाल्या ताईंच्या कॉम्प्युटरवर नवाच बनवायचं ठरलं. मी ड्रॉवरमधून एक पेनड्राईव्ह काढून दिला.

"रिकामा हाय ना? बनवताना आतलं समदं पुसलं जातं."

"रिकामाच आहे."

"नक्की ना रं?"

तरी दादांनी उघडून बघितलाच. आत कुणाच्या तरी बारशाचा अख्खा अल्बम! त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की विचारू नका. तो अल्बम ताईंच्या मशीनमध्ये उतरवला, मगच कामाला हात घातला.

पडद्यावरची हिरवी पट्टी सरकत शेवटाला आली. ताई म्हणाल्या, "झालंच की."

"नाय! झालं म्हणायचं नाय!" दादा ओरडलेच. पूर्वी एकदा कुणीतरी असंच म्हणालं आणि त्याच क्षणी वीज गेली होती म्हणे. पट्टी पुरी भरेपर्यंत मग कुणी खोकलंसुद्धा नाही.

पेनड्राईव्ह माझ्या मशीनला लावला. पुन्हा काळाच पडदा. कुंभिवलीचा माणूस भिंतीला टेकून खाली बसला. दादांनी चपला काढल्या, मशीनला हात जोडले आणि बंद करून परत चालू केलं. एक बटण दाबत राहिले, दाबतच राहिले. पडदा उजळला. हळदीचं फोल्डर उघडलं आणि आबा दिसले. गालभर हळद, तोंडाचं बोळकं, मनसोक्त हसत होते.

"हायेत! आबा हायेत!" म्हणत तो माणूस रडायलाच लागला.

"थांब जरा, भावा. दिसला म्हंजे मिळाला नाय," दादा म्हणाले.

फोटो दुसऱ्या डिस्कवर उतरवले. ती डिस्क शेजारी नेऊन, उघडून, प्रत्येक फोटो बघितला. मग दादा परत येऊन खुर्चीत बसले. चष्मा कपाळावर सारला आणि त्या माणसाला म्हणाले, "आता म्हण."

"झालं," तो म्हणाला. आणि दादा हसले. असे हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. कॅमेरा हाताशीच होता, काढला फोटो.

यंदा दादा गेले. छातीत दुखतंय म्हणाले, पनवेलला पोचेपर्यंतही थांबले नाहीत. दोन दिवसांनी वहिनी स्टुडिओत आल्या. घरात दादांचा एकट्याचा असा फोटोच नव्हता. मी तो फोटो शोधला, आधी दोन ठिकाणी उतरवून ठेवला, उघडून बघितला, मगच प्रिंटला लावला.

कागद हळूहळू बाहेर यायला लागला. आधी पांढरे केस, मग कपाळावरचा चष्मा, मग ते हसू.

"झालं का, भावजी?" वहिनींनी विचारलं.

कागद सगळा बाहेर आला होता. पण माझ्या तोंडून तो शब्द निघेना.

"थांबा जरा, वहिनी," मी म्हणालो.