हात न हलवता

थेल्माने हात हलवला आणि तिथेच सगळा घोटाळा झाला.

साथीचा हिवाळा होता. इंग्लंडमधल्या हल बंदरातल्या एका वृद्धाश्रमात बाहेरच्यांना बंदी. भेट व्हायची ती खिडकीतून; आत खुर्चीत क्लिफ, बाहेर गारठ्यात कुडकुडणारी त्याची बायको. क्लिफचा उभा जन्म आइसलंडच्या समुद्रात मासेमारीत गेलेला. आता आपण जेवलो की नाही हेही त्याला आठवत नसे. बायकोला मात्र ओळखायचा. काचेतून शब्द ऐकू जाईना, म्हणून निघताना बिचारीने नुसता हात हलवला. क्लिफ ताडकन उठला, ओरडत काचेवर मुठी आपटू लागला. बोटं रक्ताळली तरी थांबेना.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरीणबाई ब्रिजेटचा फोन आला. "भेटींचा त्यांना त्रास होतो, थेल्माबाई. तूर्त बंद ठेवू."

"तूर्त म्हणजे कधीपर्यंत? मला भेटायचा त्याला हक्क आहे की नाही? डोकं गेलं म्हणून हक्कही गेला?"

"मी त्यांच्या भल्यासाठीच सांगतेय."

या भल्याने तर जीव नकोसा केला होता. थेल्मा स्वयंपाकघरात बसून राहिली, समोरचा चहा गार झाला, आणि एकदम तिच्या लक्षात आलं. तिने कपाळावर हात मारून घेतला. नवऱ्याची बोट सुटायच्या दिवशी त्यांच्या गल्लीतली एकही बाई धक्क्यावर जात नसे, घरात कपडे धूत नसे आणि हात तर कधीच हलवत नसे. कपडे धुतले की लाट माणसाला धुऊन नेते, हात हलवला की समुद्र माणूस ठेवून घेतो. आईने हे तिच्या अंगात भिनवलं होतं. क्लिफ निवृत्त झाला आणि ती विसरली. तो सगळं विसरला, पण हे नाही.

तिने ब्रिजेटला फोन करून सगळं सांगितलं.

"एकदाच या," ब्रिजेट म्हणाली. "पुन्हा तसं झालं तर माझ्या हातात काही राहणार नाही."

या खेपेला क्लिफच्या हाताला पट्टी होती आणि नजर थेल्माच्या हातांवर. तिने दोन्ही हात कोटाच्या खिशात कोंबले. वेळ संपली तशी आतली एक सेविका लाडाने वाकली आणि क्लिफचा हात धरून उचलू लागली. "आजींना टाटा करा बघू."

क्लिफचा चेहरा ताठरला. ब्रिजेटने धावत येऊन सेविकेला मागे ओढलं. थेल्माने मात्र सरळ पाठ फिरवली, पूर्वी घराच्या दारातून फिरवायची तशी, निरोपाचा शब्दही न काढता. मागे वळून बघायचं नसतं. तिचे कान काचेवर आपटणाऱ्या मुठी शोधत होते. ऐकू येत होता तो फक्त वारा.

"थांबा!" फाटकाशी ब्रिजेटने धापा टाकत तिला गाठलं.

"काय झालं?"

"काही नाही. शांत बसलेत. म्हणाले, हात नाही हलवला तिने. म्हणजे मी घरी परत येणार."

तो घरी कधीच येणार नव्हता. हे दोघींनाही ठाऊक होतं.

"गुरुवारी येऊ मी?" थेल्माने विचारलं.

"या. आतच या. मी बघते काय करायचं ते."

घरी क्लिफचे मळके शर्ट टोपलीत पडले होते, आश्रमातून धुवायला आणलेले. थेल्माने त्या दिवशी त्यांना पाणी लावलं नाही.