सगळ्यांचं एकच चुकीचं उत्तर

‘की’प्रमाणे पद्मजाचं उत्तर चूक होतं, आणि वर्गात तिच्या एकटीचंच बरोबर होतं.

मी स्टाफरूममध्ये फिजिक्सची वीकली टेस्ट तपासत होते. ‘की’ म्हणजे बरोबर उत्तरांचा तक्ता. पेपरसोबत तो छापून येतो, आपण पर्याय जुळवायचे आणि मार्क द्यायचे. प्रश्न सोपा होता. चेंडू सेकंदाला वीस मीटर वेगानं सरळ वर फेकला, तो हातात परत यायला किती सेकंद लागतील? वर जायला दोन, खाली यायला दोन, उत्तर चार. पण छापताना चूक झाली होती आणि दिलेल्या पर्यायांत चार नव्हतंच. ‘की’त तीन छापलं होतं. पद्मजानं सगळे पर्याय खोडून बाजूला पेन्सिलीनं ‘चार’ लिहिलं होतं. बाकी सगळ्या मुलींनी तीनवर खूण केली होती.

दोनवर केली असती तर मला समजलं असतं. घाईत मुलं नुसता वर जायचा वेळ धरतात. पण तीन कुठल्याच हिशेबानं येत नाही. ते फक्त ‘की’ बघूनच येतं.

तेव्हा देशाचं मार्केट नुकतं खुलं झालं होतं. हैदराबादेत कॉम्प्युटर कंपन्या येत होत्या आणि प्रत्येक आईबापाला घरात एक इंजिनिअर हवा होता. गल्लोगल्ली एंट्रन्सची तयारी करून घेणारी ज्युनिअर कॉलेजं निघाली. मी बरकतपुऱ्याहून बसनं रोज कुकटपल्लीच्या अशाच एका कॉलेजात शिकवायला जायचे. तिथे दोन सेक्शन होते. ए सेक्शनला एंट्रन्सची तयारी, बी सेक्शनला फक्त बोर्डाची. दर टेस्टला ए मधल्या शेवटच्या काही मुली बी मध्ये जायच्या. या वेळी पद्मजा शेवटची होती.

दुसऱ्या दिवशी मी तो प्रश्न पर्यायांशिवाय फळ्यावर लिहिला आणि शर्वरीला बोलावलं. तिचा पहिला नंबर आला होता. तिचे वडील पुण्याहून बदली होऊन आले होते. तिनं झरझर गणित सोडवलं. “फोर सेकंद्स, मॅडम.”

“मग पेपरात तीन का लिहिलंस?”

तिनं खडू खाली ठेवला. मी म्हटलं, “बस,” आणि पुढचा धडा सुरू केला.

दुपारी ती एकटीच स्टाफरूमच्या दाराशी आली.

“मॅडम, तारनाक्याच्या ब्रँचमध्ये माझी फ्रेंड आहे. त्यांची टेस्ट आमच्या आधी होते, मग त्यांना ‘की’ दाखवतात. पेपर सेम असतो. तिनं मला फोनवर आन्सर्स सांगितली.”

“आणि तू सगळ्यांना वाटलीस?”

“एकटीनं घ्यायचं बरं नाही वाटलं.” हे ती अगदी मनापासून म्हणाली. “पद्मजाला पण दाखवलं. ती नक्को बोलली.”

“शर्वरी, तुला फिजिक्स येतं. मग हे कशाला?”

“पप्पा रोज रँक विचारतात, मॅडम. काय शिकलीस ते कधीच नाही विचारत.”

मी पद्मजालाही बोलावलं. ती कमी बोलणारी मुलगी. “मला येऊन का नाही सांगितलंस?” मी विचारलं.

“डबा तर त्यांच्यासोबतच खाते ना, मॅडम.”

“मग तूही बघायचंस.”

तिनं जरा विचार केला. “बघितलं असतं तर मला काय येत नाही ते कसं कळलं असतं? मोठ्या परीक्षेत कोण सांगणार आहे?”

मी आमच्या डायरेक्टरांकडे, राव सरांकडे गेले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“मॅडम, संडेला पेरेंट्स मीटिंग आहे. पेपर फुटला म्हणून सांगू? कायकू पंगा?”

“मग पद्मजा बी मध्ये जाणार?”

“रूल इज रूल.”

“आयत्या उत्तरांचे मार्क कापून तोच रूल लावला, तर सगळा वर्ग बी मध्ये जाईल, सर.”

ते हसले नाहीत. मग म्हणाले, “प्रश्न चुकीचा छापला होता, म्हणून टेस्ट कॅन्सल. इतकंच सांगू. खोटं पण नाही.”

खोटं नव्हतं, पण खरंही पुरतं नव्हतं. तरी मी मान हलवली, कारण त्यानं पद्मजा ए मध्येच राहत होती. मी फक्त एक अट घातली. पुढची टेस्ट कशी घ्यायची ते मी ठरवणार.

मीटिंगमध्ये राव सरांनी तसंच सांगितलं. शर्वरीचे वडील लगेच उठले. “एका प्रश्नासाठी पूर्ण टेस्ट कॅन्सल? माझ्या मुलीची फर्स्ट रँक होती. तिच्या मेहनतीचं काय?”

राव सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडणार, इतक्यात वडिलांच्या शेजारून शर्वरी उठली.

“पप्पा, बसा ना. मला आन्सर्स आधीच मिळाली होती. मीच सगळ्यांना दिली.”

तिचे वडील हळूच खाली बसले. मला वाटलं आता ते तिला सगळ्यांसमोर बोलतील. पण त्यांनी तिचा हात धरून तिला खाली बसवलं आणि तो हात मीटिंग संपेपर्यंत सोडला नाही.

पुढच्या टेस्टचा पेपर मी मुलींनाच काढायला लावला. प्रत्येकीनं स्वतःचे प्रश्न तयार करायचे आणि पुस्तक मिटून ते वर्गाला सोडवून दाखवायचे. त्यातूनच मी, आकडे बदलून, टेस्टचे प्रश्न निवडणार. राव सर वैतागले. “पेपर मुलांनी काढायचा तर तुम्ही काय करणार?” पण अट त्यांनी मोडली नाही.

पहिले काही दिवस वर्गात नुसता गोंधळ झाला. पुस्तकातलं वाचून पाठ म्हणणाऱ्या मुली फळ्यापाशी अडकायच्या. प्रश्न काढायला बसलं की कळायचं, आपल्याला नियम माहीत आहे पण तो कुठे लावायचा ते माहीत नाही. मग त्या एकमेकींना विचारू लागल्या. डबा खाताना भांडू लागल्या, तेही फिजिक्सवरून.

त्या टेस्टमध्ये पद्मजा मधोमध कुठेतरी आली. शर्वरी घाबरून गेली होती, ती शेवटच्या मुलींत गेली. राव सर मला म्हणाले, “या खेपेला राहू द्या तिला. खरं बोलली पोरगी.” मी विचारात पडले. पण तिनं कुणाला विचारलंच नाही. दप्तर उचलून ती बी सेक्शनमध्ये जाऊन बसली. दिवाळीनंतर स्वतःच्या मार्कांवर परत आली, आणि पद्मजाच्या शेजारची जागा तिनं मागून घेतली.

दोघींनाही पुढे इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. पद्मजाला तिला हवी ती ब्रँच मिळाली नाही, पण मिळाली त्यात तिनं चांगलं केलं.

कॉलेजनं नंतर पेपरांसाठी लोखंडी कपाट घेतलं आणि आठवड्याला एक मॉरल सायन्सचा तास ठेवला. त्यांचा काय उपयोग झाला ते मला ठाऊक नाही. इतकी वर्षं शिकवून मला एवढंच कळलं आहे की पेपर फुटू नये म्हणून मुलांवर नजर ठेवावी लागते, आणि फुटून कुणाचा फायदाच होणार नाही असा पेपर काढायचा तर शिक्षकाला जास्त अभ्यास करावा लागतो. म्हणूनच बहुतेक ठिकाणी कपाट घेतात.