शेगडीची सोय

हिवतापातून उठलेल्या आईला वाशीमच्या डॉक्टरांनी औषध असं फारसं दिलंच नाही. "बाईंना महिनाभर चुलीपासून लांब ठेवा आणि समुद्राची हवा द्या," एवढंच म्हणाले. आमच्या घरी दोन्ही वेळेला वीस-बावीस पानं उठायची. तिथं राहून आईनं चुलीपासून लांब राहणं अशक्य होतं. महिना नाही तरी पंधरा दिवस वडिलांनी मुंबईला जायचं ठरवलं, आणि तेही तिथल्या सगळ्यात भारी हॉटेलात. वडील हौशी होते, चिकट अजिबात नव्हते, हे आधीच सांगून टाकतो. मी तेव्हा नागपूरला वकिली शिकत होतो. इंग्रजी बोलायला म्हणून मलाही सोबत घेतलं.

मोटारीनं अकोला गाठलं, तिथून आगगाडी. मुंबईच्या स्टेशनावर दोन बड्या हॉटेलांची माणसं आमच्या वळकटीची दोन टोकं धरून भांडू लागली. वडिलांना आपला हा भाव फार आवडला. "दोनीबी पाहू, मंग ठरवू," ते म्हणाले. बाजारात बैल पाहावेत तशी आम्ही दोन्ही हॉटेलं पाहिली.

पहिल्याच्या जेवणघरात पांढऱ्याशुभ्र चादरी घातलेली टेबलं होती. वडील माळकरी, मटणाचा वास आला तसे ते नाकाला उपरणं लावून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. आईच्या गळ्यात माळ नव्हती. ती एका खुर्चीवर टेकली आणि पदार्थांचा छापील कागद तिनं माझ्याकडून वाचून घेतला. भात, भाज्या, खिरी, बरंच काही होतं.

"हे सारं आपल्या म्होरं आनून ठेवते?"

"हो."

"आन् उष्टं कोन काढते?"

"तेच लोक."

आई हसली. आजारपणानंतर ती हसलेली मी पहिल्यांदा पाहत होतो. "मले इथं चालते," ती म्हणाली, पण हळूच, माझ्यापुरतं.

दुसऱ्या हॉटेलात माणसांना वरच्या मजल्यांवर नेणारा विजेचा पाळणा होता, भिंतभर आरसे होते. शिवाय खोलीच्या मागं एक छोटंसं स्वयंपाकघर होतं. परक्याच्या हातचं न खाणाऱ्या पाहुण्यांसाठी त्यात कोळशाची शेगडी ठेवलेली. ही सोय समोरच्यांकडे नाही, असं मॅनेजरनं मोठ्या तोऱ्यात सांगितलं. वडिलांनी मला ते दोनदा विचारायला लावलं. मग त्यांचा चेहरा खुलला.

"अवं पाह्य! आपली शेगडी, आपलं पीठ. इटाळ नाई, काई नाई."

पीठ, डाळ, तवा ट्रंकेत होतंच. 'लागलंच तं' म्हणून घेतलेलं. खरं तर वडिलांचं पंधरा दिवस दूध-फळांवर सहज भागलं असतं, त्यांचे निम्मे उपास तसेच जायचे. हे मला सुचलं होतं. आई माझ्याकडे बघत होती. पण नागपूरच्या खानावळीनं माझी जीभ विटली होती आणि मला आईच्या हातची भाकर हवी होती.

"हे बरं हाये, बाबा," मी म्हणालो.

पंधरा दिवस आईनं मुंबईच्या त्या भारी हॉटेलात तिसऱ्या मजल्यावर दोन्ही वेळेला भाकरी थापल्या. संगमरवरी फरशीवर परात सरकायची म्हणून ती परातीखाली ओलं फडकं घालायची. आम्ही बापलेक खिडकीशी बसून जेवायचो. डॉक्टरांनी सांगितलेली हवा तिथं भरपूर येत होती. मला लाज वाटली का? तेव्हा नाही वाटली. भाकर गरम होती.

निघायच्या दिवशी मॅनेजरनं पाहुण्यांच्या अभिप्रायाची वही आणली. वडिलांनी सांगितलं आणि मी ते वळणदार इंग्रजीत उतरवलं: माझ्या पत्नीस येथे अगदी घरच्यासारखे वाटले.

आई आत तवा घासत होती. "काय लिवलं रे?" तिनं विचारलं. मी वाचून, मराठीत सांगितलं.

"बराबर लिवलं," ती म्हणाली, आणि तव्यावर आणखी राख घेतली.