चादरीचं दुसरं टोक

वाळलेली चादर घेऊन आई गच्चीत उभी राहते आणि हाक मारते, "धर गं ते टोक." आमची युरोपची सहल मला कुठल्या डोंगराच्या फोटोवरून आठवत नाही, या हाकेवरून आठवते. आणि पुन्हा तसाच वैताग येतो.

पंधरा दिवसांत आम्ही सात हॉटेलं बदलली. प्रत्येक ठिकाणाहून निघताना आई गाद्या सारख्या करायची, चादरींच्या घड्या घालायची, चहाचे कप विसळायची. बाबा बॅगा घेऊन खाली ताटकळत. "अगं, त्याला माणसं आहेत इथे!" मी ओरडायचे. "असू देत. कसली माणसं राहून गेली, असं कोणी म्हणायला नको." कोण म्हणणार होतं? आणि म्हटलंच, तर आम्हाला कळणार होतं थोडंच?

व्हेनिसला बोट सुटायला दहा मिनिटं उरली होती. तेवढ्यात सफाईवाली बाई खोलीत आली. आईच्या हातातली चादर तिने पाहिली आणि दुसरं टोक उचललं. दोघींनी चादर झटकली, ताणली, जवळ येऊन टोकाला टोक जुळवलं आणि हसल्या. घडी घालताना समोरच्या माणसाकडेच बघावं लागतं.

बोट गेली. त्या सहलीचे दोन हजार फोटो आहेत, पण हा एक नाही. मी दारात घड्याळ बघत उभी होते.

आज मी मुकाट्याने टोक धरलं, तर आई म्हणते कशी, "नीट ताण गं. त्या बाईला सांगावं लागलं नव्हतं."