शेवटच्या बाकावरच्या मॅडम

वर्गात शिरल्या की आमच्या समाजशास्त्राच्या मॅडम टेबलखुर्चीकडे ढुंकूनही न बघता सरळ मागे जायच्या आणि शेवटच्या बाकावर ऐसपैस बसायच्या. मग आम्ही चाळीस-पन्नास जणींनी माना वळवून त्यांच्याकडे बघायचं. पहिल्या महिन्यात अर्ध्या वर्गाच्या घरी रोज संध्याकाळी मानेला तेल चोळणं चालू होतं. शेवटी एकीने धीर केला, "मॅडम, आप आगे काहे नहीं बैठतीं?" तर म्हणाल्या, "आगे से सिर्फ़ मुँह दिखता है. पीछे से दिखता है कौन किसके बगल में बैठी है."

ते खरंच होतं. बंगाली मुली खिडकीपाशी, विणकरांच्या मोहल्ल्यातल्या मुली एका रांगेत, गावाकडून बसने येणाऱ्या दाराजवळ, म्हणजे बस चुकायला नको. आणि पहिल्या बाकावर एकटी मी. नव्वदीच्या सुरुवातीची ही गोष्ट. मी पस्तिशीची होते. ब्रह्मा घाटावरच्या मराठी घरातली सून, दोन पोरांची आई, लग्नात अर्धवट सुटलेलं बी.ए. पुरं करायला सतरा-अठरा वर्षांच्या पोरींत येऊन बसलेली. पोरी मला भाभीजी म्हणायच्या, मॅडम बहूजी. पाण्याची बाटली मी घरून न्यायचे. कॉलेजच्या माठातलं पाणी मला "फार गार लागतं", असं मी सगळ्यांना सांगायचे. मे महिन्यातल्या काशीत! आणि वर मला वाटायचं की ब्रह्मा घाटावर माझ्याइतकी सुधारलेली बाई दुसरी नाही.

मॅडमना आम्ही पाठीमागे "काहे मॅडम" म्हणायचो. शिकवताना त्यांची हिंदी अगदी नितळ असायची, पण एखादीने पाठ केलेलं उत्तर म्हटलं की त्यांच्यातलं भोजपुरी गाव जागं व्हायचं. मी एकदा ताठ उभी राहून म्हटलं, "परिवार समाज की मूल इकाई है."

"काहे?"

"किताब में लिखा है, मॅडम."

"अच्छा. किताब आपके घर खाना खाने आती है?"

पोरी फिदीफिदी हसल्या. मी आठ दिवस मॅडमवर रागावले होते. मॅडमना त्याचा पत्ताही नव्हता, हे माझ्या रागाचं खास वैशिष्ट्य.

त्यांचं नाव फळ्यावर आणि हजेरीपटावर नुसतं "कुमारी" जोडून यायचं, आडनाव कुठेच नाही. याने मला भारी अस्वस्थ केलं होतं. आम्ही मराठी माणसं आडनाव कळल्याशिवाय माणसाला बस म्हणत नाही. मी आडून आडून गाव विचारलं, वडील काय करतात विचारलं. त्यांनी गाव सांगितलं, वडील मास्तर होते सांगितलं, आणि मग विचारलं, "अब और क्या पूछना है, बहूजी? पूछ लीजिए."

परीक्षेच्या दोन महिने आधी त्यांनी सगळ्यांना एक काम दिलं. एक आठवडा आपल्याच घरात पाहुण्यासारखं राहायचं आणि कोण कुठे बसतं, कोण कधी जेवतं, कोण कोणाला हाक मारतं, ते लिहायचं. "जो जानती हैं वो नहीं, जो देखती हैं वो लिखिए." मी एका दुपारीत तीस पानं लिहून मोकळी झाले. संयुक्त कुटुंब, परस्पर प्रेम, ज्येष्ठांचा आदर. इतकं गोड लिहिलं होतं की मुंग्या लागल्या असत्या. वही परत आली तेव्हा सगळ्या पानांना मिळून मॅडमचा एकच प्रश्न होता: "बहूजी खाती कब हैं?"

मग मात्र मी खुन्नस म्हणूनच बघायला लागले. पोळ्या लाटता लाटता पोथीच्या कपाटाआड वही ठेवून टिपायचे. पुरुषांची पंगत साडेदहाला. सासूबाई साडेबाराला, पूजा आटोपून. सून सगळ्यांच्या शेवटी, कधी दोन, कधी अडीच. भाजी बहुधा संपलेली, मग लोणचं. असं लिहिताना मला एकदम आपली दया आली आणि अक्षरही जरा थोर माणसासारखं झालं.

ती वही पाचव्या दिवशी सासूबाईंच्या हाती लागली. मला कॉलेजात जायची परवानगी त्यांनीच दिली होती, आणि एकाच अटीवर: घरातलं घराबाहेर जाता कामा नये. त्यांचा जन्मच काशीतला, हिंदी माझ्याहून चांगली वाचत. सगळं वाचून त्यांनी वही मिटली. "सूनबाई, लोणचं खातेस ते आता कॉलेजला कळणार का? पुरे झालं. उद्यापासून जायचं नाही." हे बँकेतून आले, ऐकलं आणि "आई म्हणते तर..." म्हणून हात धुवायला गेले. महिन्यावर परीक्षा. परीक्षेला बसले तर पस्तिशीत पहिलं वर्ष पुरं, नाहीतर जन्मभर बारावी.

मी चार दिवस दिसले नाही तशा पाचव्या दिवशी दुपारी काहे मॅडम दारात. मला वाटलं, आता स्त्रीशिक्षणावर भाषण होणार आणि सासूबाई त्यांना घाटाच्या पायऱ्यांपर्यंत पोचवणार. पण मॅडमनी माझा विषयच काढला नाही. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याअलीकडे जमिनीवर बसल्या. सासूबाई आत पाटावर तांदूळ निवडत होत्या.

"अम्माजी, आप ब्याह के आईं तब आप कब खाती थीं?"

सासूबाईंचा हात ताटात थांबला. "हमसे तो आज तक किसी ने पूछा नहीं."

आणि मग जे सुरू झालं ते दीड तास. चौदाव्या वर्षी लग्न, सतरा माणसांचा स्वयंपाक, भुकेपोटी पदरात लपवलेला गुळाचा खडा आणि त्याला लागलेल्या मुंग्या. मी सोळा वर्षं त्या बाईच्या चुलीपाशी काढली होती, यातलं एक अक्षर मला माहीत नव्हतं. मधेच सासूबाईंना माझी वही आठवली. "इसने लिखा है, भाजी बचती नहीं. ये नहीं लिखा कि बनाती कौन है! चिरायचा कंटाळा, म्हणून मोजून चार वांगी चिरते."

"लिखिए, बहूजी," मॅडम म्हणाल्या. "ये भी लिखिए." मी मुकाट लिहिलं.

मग मी चहा केला. आमच्या दोघींसाठी निळ्या फुलांचे कप घेतले आणि तिसरा, हाताला सवय असते तसा, खिडकीच्या कट्ट्यावरून उचलला. तो कान तुटलेला कप होता. पोस्टमन, वायरमन, भांडीवाली, ज्यांची जात ठाऊक नाही किंवा ठाऊक आहे, अशांसाठी तो वेगळा असायचा. मॅडमपुढे ठेवला तेव्हा कुठे मी काय केलं ते मला दिसलं. समाजशास्त्राची विद्यार्थिनी!

मॅडमनी आमचे दोन कप पाहिले, आपला पाहिला, खिडकीच्या धुळीत उमटलेलं रिकामं वर्तुळ पाहिलं. सासूबाईही बघत होत्या. आता "काहे" येणार, सासूबाई आत मिटून जाणार, आणि माझं कॉलेज संपणार. मॅडमनी पदराची घडी करून तो तापलेला कप दोन्ही तळव्यांत धरला, फुंकर घातली आणि शेवटच्या घोटापर्यंत चहा प्यायला. "अदरक ठीक पड़ी है," एवढंच म्हणाल्या.

त्या निघाल्या तेव्हा सासूबाई दारापर्यंत गेल्या. "कल से भेज दूँगी. पर जो लिखे, हमसे पूछ के लिखे."

वहीचं शेवटचं पान मी त्या कपावर लिहिलं. सासूबाईंनी तो वेगळा काढायला कधीच सांगितलं नव्हतं. लग्नानंतर वर्षभरात त्याचा कान तुटला तेव्हा मीच, फार शहाणी सून म्हणून, तो कट्ट्यावर नेऊन ठेवला होता. मॅडमनी त्या पानावर बरोबरची खूण केली, बाकीच्या पानांवर होती तेवढीच. शेरा नाही.

पहिलं वर्ष मी पास झाले. मॅडमची नोकरी कच्ची होती, उन्हाळ्यात ती संपली. मुन्शी घाटाच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर त्यांची खोली होती. मी गेले तेव्हा त्या पुस्तकं पोत्यात भरत होत्या. मी म्हटलं, "मॅडम, उस दिन वो कप... मैं माफी..."

"अभी नहीं, बहूजी." त्यांनी पोत्याचं तोंड सुतळीने आवळलं. "अभी माँग लेंगी तो हल्की होके घर बैठ जाएँगी. पहले तीसरे साल का पर्चा दीजिए, फिर आके माँगिएगा."

मी हसले, त्या हसल्या नाहीत. सुतळीचं दुसरं टोक त्यांनी माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "ज़रा कस के पकड़िए."

तिसऱ्या वर्षाचा पेपर दिला. पुढे एम.ए. केलं, शाळेत वीस वर्षं शिकवलं. बी.ए.चा निकाल लागला त्याच दिवशी मी ते तीन मजले चढले होते. घरमालक म्हणाले, "वो तो बलिया की तरफ़ कहीं पढ़ाने गई थीं, फिर पता नहीं." मी दोन पत्रं पाठवली, दोन्ही परत आली. आता नात मला म्हणते, आजी, या वयात वस्तीतल्या बायकांना शिकवायला कशाला जातेस, घरी बैस ना निवांत. तिला काय सांगू? माझी माफी मागायची राहिली आहे.